तासगावचा बेदाणा

दूरदेशी जाऊन आलेली माणसे तिकडच्या लहान गावांची वर्णने लिहितात आणि आपण ती हौसेने वाचतो. कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावरचे उसाचे किंवा केळीचे गाव, तिथला आठवड्याचा बाजार, पाऊस लांबला म्हणून काळजीत पडलेले शेतकरी, शहरात निघून गेलेली मुले. असे काही वाचले की मला नेहमी वाटते, यातले बरेचसे आपल्या सांगलीपासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. फरक इतकाच की तिथे आपण लग्नकार्याला किंवा दुखवट्याला जातो आणि जेवून परततो. पाहायला म्हणून कधी जात नाही. या फेब्रुवारीअखेर मी तासगावास पाहायला म्हणून गेले आणि चार दिवस राहिले. माझी आत्येबहीण तिथे दिलेली आहे. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि तिच्या यजमानांना सारा गाव अण्णा म्हणतो.

सांगलीहून निघाले की माधवनगर, बुधगाव, कवलापूर अशी गावे लागतात. कवलापूरची गाजरे प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला धुतलेल्या लालभडक गाजरांचे ढीग मांडलेले असतात. आपल्याकडे कंदमूळ वर्ज्य, त्यामुळे माझ्या माहेरी कवलापूरची कीर्ती केवळ डोळ्यांनीच चाखली गेली. पुढे कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे इथे जी आतषबाजी होते, ती पाहायला लांबून माणसे येतात. या टप्प्यापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा ऊस असतो. मग ऊस विरळ होतो, जमीन हलकी व मुरमाड दिसू लागते, आणि लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारांचे हिरवे मांडव सुरू होतात. गावाचे नाव वाचण्याआधी तासगाव असे ओळखू येते.

गावात शिरल्यावर नजर जाते ती गणपतीच्या देवळाच्या गोपुराकडे. महाराष्ट्रातील देवळाला सात मजली दाक्षिणात्य गोपूर हे दृश्यच अपूर्व आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ मध्ये या देवळाचे काम सुरू केले आणि ते पुरे होण्यास वीस वर्षे लागली. कर्नाटकातील मोहिमांत भाऊंनी जी गोपुरे पाहिली, त्यांचा हा ठसा असे म्हणतात. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. इथला गणेशोत्सव दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला रथ निघतो, आणि तो बैल किंवा यंत्र नव्हे, तर माणसे दोरांनी ओढून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात व परत आणतात. अण्णांच्या घरचा गणपती नसला तरी रथाच्या दोराला हात लावायला ते दरवर्षी जातात. गावाचा रथ आहे, हे त्यांचे साधे कारण.

तासगाव हे पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, याची आठवण नव्या पिढीला राहिलेली नाही. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा निघाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून १९४२ च्या साताऱ्याच्या चळवळीचा इतिहास वाचताना तासगावचे नाव त्यात येते. त्या सप्टेंबरात इथल्या मामलेदार कचेरीवर शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा गेला होता. पुढे थोड्याच दिवसांनी वडूजला गोळीबार होऊन माणसे मेली. तासगावला तशी वेळ आली नाही. कचेरीजवळून जाताना अण्णांनी हे मला सांगितले आणि लगेच, आज डिपिंगचे मजूर येतील की नाही, या चिंतेकडे वळले.

अण्णांची बाग गावापासून तीन-चार मैलांवर आहे. वरचा माळ दोन एकर आणि खालचे, ओढ्याकाठचे शेत एक एकर. वरची माती लाल, निचऱ्याची. खालची काळी, चिकट. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आताच सांगून ठेवते. वडिलांच्या वेळी या माळावर ज्वारी, बाजरी आणि मटकी व्हायची. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसे. द्राक्ष आले ते १९६० च्या दशकानंतर हळूहळू. त्या काळात कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ नावाची एक चळवळ चालवली होती. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. पण शेतकऱ्याने स्वतःच आपल्या वेलीचे निरीक्षण करावे, वहीत टिपावे, इतरांना पत्राने कळवावे, असा त्यांचा आग्रह असे. या भागातील अनेक बागायतदार त्या परिवारात शिकले. पदवी नसलेली माणसे पानाच्या देठाचा रंग, काडीची जाडी, पानांची संख्या यांवर तासन् तास बोलू लागली. अक्काच्या सासऱ्यांच्या अशा अकरा वह्या घरात आहेत. त्यातली एक मी चाळली. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर छाटणीची तारीख, तिसऱ्यावर घरातल्या एका बारशाचा खर्च, आणि मग पुन्हा पाऊस.

तासगावच्या मांडवाखाली उभे राहिले की आपण नेमके कुठल्या देशात आहोत, असा प्रश्न मला पडला. वेलीचे मूळ ‘डॉगरिज’ या खुंटाचे. हा खुंट मूळचा अमेरिकेतील टेक्सासचा. क्षार आणि पाण्याची ओढ तो सोसतो, म्हणून त्याच्यावर आपल्या वेलीचे कलम बांधतात. वर ‘थॉम्पसन सीडलेस’. हे नाव कॅलिफोर्नियातील थॉम्पसन नावाच्या एका माणसाचे, पण वेल मुळात पश्चिम आशियातील किसमिसाच्या जातीची. याच थॉम्पसनमधून तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी एक वेगळा, लांबट मण्याचा वेल निवडून वाढवला आणि गावच्या दैवतावरून त्याला ‘तास-ए-गणेश’ असे नाव दिले. एका शेतकऱ्याने निवडलेली ही जात पुढे महाराष्ट्रभर गेली. पाणी मात्र कृष्णेचे. ताकारी, म्हैसाळ आणि सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ उपसा असलेली टेंभू योजना, या तिन्हींनी नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांत नेले. त्यापूर्वी टँकरने पाणी विकत आणून बागा जगवल्या गेल्या. अक्का सांगत होती, एका उन्हाळ्यात घरात प्यायला घागरी मोजून आणि वेलीला टँकर, असे दिवस काढले.

आता या पिकाचे कष्ट. ज्यांच्या घरी बाग नाही, त्यांना याची कल्पना येणे कठीण, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळ छाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यात, नुसत्या नजरेला दिसणार नाही असा, येणाऱ्या हंगामाचा घड आकार घेतो. त्या दिवसांत भरपूर ऊन हवे. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिले, तर ऑक्टोबरनंतर नुसती पालवी येते, घड येत नाही. म्हणजे नुकसान होते उन्हाळ्यात आणि कळते दिवाळीनंतर. ऑक्टोबरच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत चार-साडेचार महिने. कोंब पोंग्यात असताना पाऊस झाला की डावणी, फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज, थंडीत भुरी, आणि मण्यात पाणी भरल्यावर पाऊस झाला की मणी तडकतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो अवकाळी पाऊस झाला, त्यात राज्यातील हजारो बागा फुलोऱ्यातच गेल्या. त्या वर्षी ज्यांच्या बागा वाचल्या, त्यांचा माल मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने अडवला. गाड्या बंद, बाजार बंद, मजूर गावी गेलेले. पिकलेला घड वेलीवर थांबत नाही. मग ज्याला जमेल त्याने बेदाणा केला. अण्णांनी त्या वर्षी खाण्याच्या द्राक्षाचा नाद सोडला आणि सगळी बाग बेदाण्यासाठी ठेवायचे ठरवले. त्याआधी एक घाव वेगळाच बसला होता. परप्रांतातील एका व्यापाऱ्याने बागेत येऊन, चहा पिऊन, चार किलोच्या पेटीला उत्तम भाव बोलून माल उचलला, पहिल्या गाडीचे पैसे रोख दिले आणि उरलेल्या गाड्यांचे देणे मागे ठेवून तो नाहीसा झाला. त्याचा फोन अजून अण्णांच्या यादीत आहे. लागत नाही, पण त्यांनी तो काढलेला नाही.

अक्काच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, हे सांगायला नको. हंगामात मात्र ते पाळणे हीच एक कसरत. मजुरांची टोळी संध्याकाळी सहापर्यंत बागेत, आणि त्यांचा हिशोब करून अण्णा घरी येईपर्यंत सूर्य गेलेला. म्हणून अक्का साडेपाचला डबा बागेत घेऊन येते आणि मांडवाच्या कडेला सगळे बसून जेवतात. ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. आणि मी पाहुणी म्हणून एके दिवशी खपली गव्हाची हुग्गी. जेवताना अक्काने जो प्रश्न काढला, तो आपल्या वाचकांपैकी अनेक घरांत निघत असेल. दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज पिढ्यान् पिढ्या शेतकरी. समडोळी, नांद्रे, दुधगाव, कवठे पिरान, आष्टा, कुठेही जा. नांगर धरणारी माणसे आपलीच. भगवान ऋषभदेवांनी असि, मषि, कृषि शिकवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि शेतीत होणारी हिंसा ही उद्योगी हिंसा, संकल्पी नव्हे, असे समाधानही ऐकतो. अक्का म्हणाली, “अगं, नांगराखाली चुकून काही गेलं ते वेगळं. पण मिलीबगसाठी औषध आणायचं, मोजायचं, मारायचंच म्हणून फवारायचं, ह्याला काय म्हणायचं?” मी पंडित नाही, मला उत्तर देता आले नाही. अण्णा म्हणाले, “बुरशीचं औषध निम्म्याहून जास्त असतं, ताई. कीड मारायची वेळ फार थोडी येते.” अक्काने ऐकून घेतले, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. तिने स्वतःपुरता एक नियम केला आहे. कीटकनाशकाच्या फवारणीच्या दिवशी ती बागेत येत नाही, आणि त्या दिवशी एकच वेळ जेवते. मुलगा यावर हसत नाही, हे मला विशेष वाटले. उलट त्याने कीड दिसल्याखेरीज फवारायचे नाही, असे गेल्या दोन वर्षांत ठरवले आहे. झाडाच्या खोडाची सुटी साल तो हाताने काढून घेतो, म्हणजे मिलीबगला दडायला जागा राहत नाही. यात मजुरी वाढते आणि औषध कमी होते. हिशोबात काय उरते, ते तो वहीत मांडतो आहे. आजोबांची बारावी वही त्याच्याकडे आहे.

तिसऱ्या दिवशी मी मालाबरोबर नागजला गेले. तासगावात बेदाण्याच्या शेड आहेत, पण पूर्वेला नागज, जुनोनी या बाजूची हवा अधिक कोरडी; माळावर वारा मोकळा वाहतो. म्हणून कितीतरी बागायतदार तिकडच्या शेड भाड्याने घेतात. मिरज-पंढरपूर रस्त्यावर घाट चढून वर आले की दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथवर, हिरव्या जाळीच्या कापडाने झाकलेले सांगाडे दिसतात. लांबून ते एखाद्या लष्करी तळासारखे वाटतात. जवळ गेल्यावर गोड, किंचित आंबूस वास येतो.

द्राक्षाची गोडी यंत्रावर २२ च्या वर गेली की ती बेदाण्याला योग्य. घड क्रेटमधून आणतात आणि डिपिंगच्या द्रावणात दोन-चार मिनिटे बुडवतात. लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल. मण्याच्या सालीवर मेणाचा जो नाजूक थर असतो, त्याला या द्रावणाने सूक्ष्म भेगा पडतात, आतले पाणी लवकर बाहेर पडते, आणि जो बेदाणा एरवी उन्हात काळा पडला असता, तो सावलीत पंधरा-वीस दिवसांत हिरवा-सोनेरी वाळतो. एकावर एक आठ-दहा जाळ्या, त्यांवर घड पसरलेले, वर छप्पर, कडेला जाळीचे पडदे. ऑस्ट्रेलियातील मिल्डुराच्या द्राक्षपट्ट्यातही असेच छपराखालचे रॅक आणि हेच द्रावण. आणि मूळ युक्ती तर फारच जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेला नावाच्या रोमन शेतीलेखकाने राखेच्या पाण्यात तेल घालून त्यात द्राक्षे बुडवण्याची रीत लिहून ठेवली आहे. राख म्हणजे तेच पोटॅश. नागजच्या माळावर पिंपात हात घालून उभ्या असलेल्या मजूर बाईला मी हे सांगितले. ती म्हणाली, “मग त्यांचे हात पण असेच फाटत असतील.” तिच्या बोटांची साल निघालेली होती. रबरी हातमोजे टोळीला दिले होते, पण ते घालून घड नीट धरता येत नाही, म्हणून ते खुंटीला टांगलेले. त्या दिवशी अण्णांच्या मुलाने मोजून सहा जोड पातळ हातमोजे सांगोल्याहून मागवले. ते कितपत वापरले गेले, ते पाहायला मी थांबले नाही.

बेदाणा हा शब्द फारसीतून आलेला. बे-दाणा म्हणजे दाणा, बी, नसलेला. आपण बोलताना मनुका आणि बेदाणा यांची सरमिसळ करतो. बाजारात ती चालत नाही. मनुका काळी आणि बियांची, बेदाणा बिनबियांचा. त्यातही हिरवा, पिवळा, काळा. गोल आणि लांब. पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात. अण्णा पिवळा करत नाहीत, त्यामुळे त्यांचा माल दिसायला थोडा उणा आणि चवीला सरस असतो. हे माझे मत. व्यापाऱ्यांचे तसे असतेच असे नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. एक क्रेट उचलून पाहावे आणि मग त्यातून उरणारा ढीग पाहावा, म्हणजे वर्षभराचे श्रम डोळ्यांसमोर आटलेले दिसतात. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अण्णांच्या घरात त्याचा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, मान मिळाला, अंकन व्हायचं आहे. हा विनोद त्याने इतक्या गंभीरपणे केला की अण्णांना तो कळायला वेळ लागला.

चौथ्या दिवशी सौदा पाहिला. आधीच्या लॉटचा माल निवडून, पंधरा किलोच्या पेट्यांत भरून तासगावात आला होता. बेदाण्याच्या बाजारात तासगाव आणि सांगली ही मोठी नावे. देशभरातील खरेदीदारांची माणसे इथे असतात. अडत्याच्या गाळ्यात पेट्या फोडलेल्या, खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. कोणी मूठभर उचलतो, तळहातावर पसरतो, दोन दाणे तोंडात टाकतो, उरलेले सोडून देतो. बोली काही मिनिटांत संपते. शेतकरी मागे उभा असतो. बेदाण्याच्या सौद्यात माल पाहताना जी उधळण होते, तिच्याबद्दल बागायतदारांची तक्रार जुनी आहे. खाली सांडलेला दाणा वजनात धरला जात नाही, आणि तो पायदळी तुडवला जातो. अण्णा वाकून आपल्या ढिगाभोवतीचे दाणे गोळा करू लागले. त्यांना कोणी अडवले नाही, पण कोणी मदतही केली नाही. मुलाला ते पाहवले नाही. “अण्णा, राहू द्या,” असे तो दोनदा म्हणाला. अण्णांनी ऐकले नाही. रुमालात ओंजळभर दाणे जमले, ते त्यांनी माझ्या पिशवीत घातले. भाव मागील वर्षाहून बरा निघाला. पैसे लगेच मिळत नाहीत, मुदतीने मिळतात. दिवाळीआधी महिनाभर सौदे थांबवून मागची सगळी देणी पुरी करण्याची इथे रीत आहे. बाजाराच्या भाषेत त्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. ज्या शेतकऱ्याला तोवर थांबता येते, तो माल शीतगृहात ठेवतो आणि भाव पाहून काढतो. ज्याच्या डोक्यावर औषधाच्या दुकानाची उधारी आहे, त्याला शीतगृह उपयोगाचे नाही.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले, ते माझ्यासमोर झाले म्हणूनच शांतपणे झाले असावे. मुलगा कृषी पदवीधर आहे. त्याचे म्हणणे असे की खालची एक एकर बाग आता काढावी. वेली पंधरा वर्षांच्या झाल्या, काळ्या जमिनीत निचरा नाही, योजनेचे पाणी आल्यापासून ओढ्याकाठची ओल वर चढते आहे आणि मातीत पांढरे फुलू लागले आहे. दोन वर्षे त्या एकराने खर्चही भरून दिला नाही. वरच्या दोन एकरांची कमाई खालच्या एकराच्या औषधात जाते. तासगाव तालुक्यात अनेकांनी अलीकडे बागा काढल्या; त्यात लाज कसली? खाली ऊस लावू. ऊस लावला की निदान रात्री ढग आले तरी झोप लागते.

अण्णांचा विरोध हिशोबाला नव्हता. ते म्हणाले, खालची बाग वडिलांनी लावली नाही, मी लावली. वडिलांची बाग वरची. त्यांच्या हयातीत मी एकट्याने उभी केलेली ती एकच गोष्ट. आणि ऊस? पाणी आले म्हणून सगळ्यांनी ऊस लावला, तर शिरोळ आणि वाळव्याकडच्या कितीतरी जमिनी खारवून गेल्या, तशी आपलीही जाईल. बाग काढायची ती जमीन वाचवायला, आणि लावायचा ऊस, हे कुठले शहाणपण? मुलाला याचे उत्तर नव्हते. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यांत खरा मुद्दा अण्णांचाच होता, पण तो मान्य केला तर खालच्या एकरात लावायचे काय, हा प्रश्न तसाच राहत होता. वातावरण हलके करायला अण्णाच म्हणाले, ऋषभदेवांचे पारणे उसाच्या रसाने झाले हे खरे, पण तो ऊस ठिबकवर होता की पाटपाण्यावर, हे कुठे लिहिलेले नाही. सगळे हसले. अक्का हसली नाही. तिने इतका वेळ एक शब्द काढला नव्हता. मग म्हणाली, “माझ्या बांगड्या सोडवून आणल्या त्याला अजून वर्ष झालं नाही. पुन्हा त्या बागेसाठी मी देणार नाही. काय लावायचं ते तुम्ही दोघं ठरवा. द्राक्ष नको.”

यावर पुढे कोणी काही बोलले नाही. अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलगाही गेला. आत आम्हाला त्यांचे बोलणे ऐकू येत होते, पण विषय बदललेला होता. उद्याच्या क्रेटची संख्या, टेम्पोवाल्याची वेळ, नागजच्या शेडचे भाडे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. वरच्या बागेची खरड छाटणी झाली होती. खालच्या एकरातल्या वेली काढल्या. खोडे सरपणासाठी बांधावर रचली आहेत. तिथे आधी निचऱ्याचे चर काढायचे, यंदा ताग पेरून गाडायचा आणि मग शाळू किंवा हरभरा, असे बापलेकांनी ठरवले आहे. उसाचे नाव सध्या निघत नाही. मांडवाच्या तारांचे मी विचारले, कारण भंगाराला भाव चांगला आहे, असे तिथे असताना ऐकले होते. अक्का म्हणाली, अण्णांनी सगळ्या तारा स्वतः गुंडाळल्या, त्यांना तेल लावले आणि माळवदावर नेऊन ठेवल्या. विकल्या नाहीत.